कापराची पुडी आणि खारदुंगला

भोंगवलीतून बाहेर पडून महामार्गाला लागलं की एका अंगाला सातारा, दुसऱ्या अंगाला पुणे. इथल्या माणसाच्या लेखी हा रस्ता म्हणजे कामाला, मार्केट यार्डात किंवा दवाखान्यात जायची वाट. पण राष्ट्रीय महामार्ग ४८ चेन्नईहून निघतो तो बेंगळुरू, कोल्हापूर, पुणे, सुरत, अहमदाबाद, उदयपूर, जयपूर करत थेट दिल्लीत शिरतो. म्हणजे पुण्याकडे तोंड केलं आणि आकडा बदलू दिला नाही तर माणूस दिल्लीला पोचतो. तिथून ४४ नंबरनं अंबाल्यापर्यंत जायचं, पुढे हिमाचलात मंडीला ३ नंबर धरायचा. तो मनाली, केलाँग करत लेहला नेतो. एकूण अंतर अडीच हजार किलोमीटरच्या आसपास.

गाडीला सॅडल बॅगा बांधून ही वाट धरणारी पोरं आता खेड्यापाड्यांतही दिसतात, आणि ती निघायच्या आधी त्यांना सल्ले देणाऱ्यांची तर रीघच लागते. कुणाचा मेहुणा जाऊन आलेला असतो, कुणी व्हिडिओ बघितलेले असतात. त्या सल्ल्यांतले काही खरेच उपयोगी असतात. बरेचसे मात्र सह्याद्रीच्या मापानं हिमालय मोजून काढलेले असतात. त्यातून रजा दहा दिवसांची. माझं तर मत असं की लडाखबद्दलचे निम्मे गैरसमज या दहा दिवसांच्या रजेनंच जन्माला घातलेत. दहा दिवसांत बसवायचं, तर त्याला सोयीचं ते खरं मानावं लागतं.

‘आम्ही तोरणा एका दमात चढतो, आम्हाला काय होतंय?’

भोर आणि वेल्ह्याच्या, म्हणजे आताच्या राजगड तालुक्याच्या, पोरांकडून हे हमखास ऐकायला मिळतं. त्यांचा अभिमान खोटा नाही. पण तोरणा १,४०३ मीटर उंच आहे. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, ते १,६४६ मीटर. आणि मनाली साधारण २,०५० मीटरवर. म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राचा माथा मनालीच्या बाजारापेक्षा चारशे मीटर खाली राहतो. लेह ३,५०० मीटरवर आहे आणि तिथे आपण मुक्काम करतो. चढाई त्याच्या पुढे सुरू होते.

विरळ हवेचा त्रास हा दमाचा किंवा मांड्यांच्या ताकदीचा प्रश्नच नाही. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण लेहलाही भोंगवलीइतकंच असतं, शेकडा एकवीस. कमी होतो तो हवेचा दाब. लेहला तो समुद्रसपाटीच्या साधारण ६५ टक्के असतो, तंगलांगला किंवा खारदुंगला या खिंडींवर जेमतेम निम्मा. प्रत्येक श्वासाबरोबर आत जाणारा ऑक्सिजन त्या हिशेबानं घटतो. शरीर यावर उपाय काढतं. श्वास वाढवतं, लघवीवाटे रक्तातलं रसायन जागेवर आणतं, पुढे तांबड्या पेशी वाढवतं. पण या कामाला दिवस लागतात, आणि ते दिवस तालमीत जाणाऱ्यालाही लागतात नि न जाणाऱ्यालाही. उलट धडधाकट माणूस जास्त अडचणीत येतो, कारण त्याला पहिल्या दिवशी बरं वाटतं आणि तो लगेच लेहच्या शांती स्तूपाच्या पायऱ्या पळत चढून दाखवतो.

हे सगळं भारतीय लष्करानं फार महागात शिकलेलं आहे. १९६२ च्या युद्धात सपाटीवरचे जवान घाईघाईनं उंचावर न्यावे लागले. त्या काळातल्या आजारी जवानांच्या नोंदींवरून इंदर सिंग आणि त्यांच्या सहकारी लष्करी डॉक्टरांनी एक अभ्यास लिहिला, तो १९६९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. त्यात १,९२५ जवान होते. फौजी माणसं, तब्येतीनं निवडून घेतलेली. तरीही डोकेदुखी, उलट्या, फुप्फुसात पाणी, मेंदूला सूज हे सगळं त्यांच्यात सापडलं. आज लष्कर उंचावर पाठवायच्या जवानाला टप्प्याटप्प्यानं सरावतं. ९,००० ते १२,००० फुटांच्या पट्ट्यात सहा दिवस, मग १५,००० फुटांपर्यंत चार दिवस, त्याच्याही वर जायचं तर आणखी चार. पहिले दोन दिवस तर आरामच. गावात कुणी निवृत्त फौजी असेल आणि त्याची लेहला किंवा सियाचिनला पोस्टिंग झाली असेल, तर टपरीवरच्या ज्ञानाऐवजी त्याच्याशी तासभर बोलावं. तो थराराच्या गोष्टी कमी सांगेल. पहिल्या दिवशी अंघोळीची घाईसुद्धा करू नकोस, असलं काहीतरी सांगेल, आणि ते ऐकावं.

सामान्य प्रवाशासाठी डॉक्टरांचा सर्वसाधारण नियम असा आहे की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून जास्त उंच नसावी, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. दिवसा वर जाऊन रात्री खाली झोपलेलं चालतं. डोकं दुखतंय, मळमळतंय, झोप लागत नाही, एवढ्यावर असेल तर तिथेच थांबायचं, वर चढायचं नाही. पण बसल्याजागी धाप लागायला लागली, खोकल्याबरोबर फेस आला, चालताना तोल जायला लागला, माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर मग ‘सकाळपर्यंत बघू’ हा विचार जीव घेतो. रात्र असो वा पहाट, खाली उतरवणं हाच खरा इलाज. डायमॉक्स या नावानं मिळणारी गोळी शरीराच्या सरावाला मदत करते, पण ती घाईला परवाना म्हणून घ्यायची नाही. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिला हातच लावू नये.

आणि रम. ‘थंडीत दोन पेग बरे असतात’ हे वाक्य या मंडळींत वेदवाक्यासारखं चालतं. दारूनं कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलतात, म्हणून ऊब आल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात अंगातली ऊब त्याच वाटेनं बाहेर जाते. शिवाय झोपेत श्वास मंदावतो, आणि नेमका श्वास वाढवण्याचीच शरीराची धडपड चाललेली असते.

‘कापूर जवळ ठेवा, ऑक्सिजन वाढतो’

मराठी माणसाच्या गटात हा सल्ला नाही असं होत नाही. चारधाम असो, अमरनाथ असो की लेह, रुमालाच्या कोपऱ्यात भीमसेनी कापराच्या दोन वड्या बांधलेल्या असतातच. २०२१ च्या कोविडच्या लाटेत कापूर, लवंग आणि ओव्याच्या पुरचुंडीनं घराघरांत मुक्काम केला, तेव्हापासून तर ही श्रद्धा अधिकच घट्ट झाली आहे.

कापूर हुंगल्यावर नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, हे खरं आहे. नाकाच्या आतल्या त्वचेत थंडावा ओळखणाऱ्या नसा असतात, कापूर, पुदिन्याचं सत्त्व, निलगिरीचं तेल त्यांना चेतवतं. मेंदूला वाटतं, हवा भरपूर येतेय. पण मोजून पाहिल्यावर नाकातून जाणारी हवा होती तेवढीच निघाली, फक्त ती जास्त आल्याची जाणीव वाढलेली होती. रक्तातला ऑक्सिजन यात कुठेच येत नाही. इथपर्यंत सगळं निरुपद्रवी आहे. धोका पुढे आहे. कापूर हुंगून बरं वाटलेला माणूस खाली उतरायचं टाळतो, आणि ती दोन तासांची दिरंगाई महागात पडते. लहान मूल बरोबर असेल तर आणखी एक सांगायला हवं. कापूर पोटात गेला तर विष आहे, त्यानं झटके येतात. तो खेळायला हातात देऊ नये.

लेहच्या दुकानांत ऑक्सिजनच्या हलक्या डब्या मिळतात. त्यांतला ऑक्सिजन काही मिनिटांत संपतो. खाली उतरेपर्यंतचा आधार म्हणून एखादी ठेवायला हरकत नाही, पण चार डब्या घेतल्या म्हणजे खिंडीत मुक्काम करायला हरकत नाही, असा हिशेब कुणी करू नये.

‘गाडीनं हळूहळू चढत गेलं की शरीर आपोआप सरावतं’

विमानानं थेट लेहला उतरण्यापेक्षा रस्त्यानं जाणं शरीराला बरं, हे ऐकायला पटतं. पण कोणत्या रस्त्यानं, याच्यावर सगळं ठरतं.

श्रीनगरकडून जाताना सोनमर्ग, मग झोजिला ३,५२८ मीटर, पलीकडे द्रास, मग कारगिल. कारगिल २,६७६ मीटरवर आहे, म्हणजे खिंड ओलांडून आपण खाली येऊन झोपतो. दुसऱ्या दिवशी फोतुला ४,१०८ मीटर, ही त्या वाटेवरची सर्वांत उंच जागा, आणि संध्याकाळी लेह. चढउतार असे की शरीराला उसंत मिळते.

मनालीकडून मात्र चित्र उलटं आहे. ३ ऑक्टोबर २०२० ला ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि रोहतांग खिंडीचा चढ सुटला, ४६ किलोमीटरचा फेरा वाचला. वेळ वाचला हे उत्तम झालं. पण पूर्वी रोहतांगवर गाड्या अडकायच्या, त्या नादात माणूस केलाँगला मुक्काम करायचा. आता सकाळी मनाली सोडलेली पोरं अंधार पडायच्या आत सरचूला पोचतात. सरचू सुमारे ४,२९० मीटरवर आहे. म्हणजे काल २,०५० वर झोपलेला माणूस आज एकदम सव्वादोन हजार मीटर उंच तंबूत झोपतो. त्या तंबूत रात्रभर कुणी ना कुणी डोकं धरून बसलेला असतो, याचं नवल नाही. सरचूच्या पुढे पांग, ते आणखी उंच. मग तंगलांगला, ५,३२८ मीटर. आणि एवढं सगळं झाल्यावर लेह, जे या सगळ्यापेक्षा खाली आहे.

म्हणून मनालीनं जायचंच असेल तर जिस्पा किंवा केलाँगला एक नाही, दोन रात्री काढाव्यात. जमल्यास श्रीनगरनं चढावं आणि मनालीनं उतरावं. यात एक पूर्ण दिवस जास्त जातो म्हणून बहुतेकजण नाही म्हणतात.

‘पाऊस नाही, म्हणजे नाल्याला पाणी नाही’

भोर तालुक्यातल्या माणसाला पर्जन्यछाया पुस्तकात वाचावी लागत नाही. पश्चिमेला हिरडोशी आणि वरंधा घाटाकडे पावसाळ्यात चार हातांवरचं दिसत नाही. तिथून पूर्वेला भोंगवलीकडे येईतो ढगांचं पाणी आटलेलं असतं, आणि इथला शेतकरी आभाळाकडे बघत बसलेला असतो. एकाच तालुक्यात दोन पावसाळे. हिमालय हाच खेळ फार मोठ्या पटावर खेळतो. मान्सूनचे ढग हिमाचलच्या उतारावर रिकामे होतात आणि पलीकडचं लेह वर्षाला साधारण १०० मिलिमीटर पावसावर भागवतं.

यातून दोन चुकीचे निष्कर्ष निघतात. पहिला, जुलै-ऑगस्टमध्ये लडाख कोरडं असतं म्हणून निर्धास्त जावं. लडाख कोरडं असेल, पण तिथे जायला हिमाचल ओलांडावं लागतं. जुलै २०२३ मध्ये बियास नदीनं कुल्लू-मनालीचा महामार्ग ठिकठिकाणी तोडून नेला. आणि लडाखमध्येही पाऊस येत नाहीच असं नाही. ६ ऑगस्ट २०१० च्या मध्यरात्री लेहमध्ये ढगफुटी झाली, दोनशेहून अधिक माणसं गेली. ज्या मातीला पावसाची सवय नसते, ती थोड्या पावसातही पायथ्याची घरं घेऊन खाली येते.

दुसरा निष्कर्ष रोजच्या प्रवासात चकवतो. आपल्याकडे ओढा चढतो तो पावसानं. घाटात पाऊस झाला की ओढा फुगतो, तासाभरानं ओसरतो, आपण पलीकडे थांबून वाट बघतो. लडाखचे नाले चढतात ते उन्हानं. दिवसभर ऊन तापलं की वरचं बर्फ वितळतं आणि ते पाणी दुपारनंतर रस्त्यावर पोचतं. आभाळ निळंशार, थेंब नाही, आणि सकाळी घोट्याएवढा असलेला नाला चार वाजता गुडघ्याच्या वर. तळाशी वाटोळे धोंडे, पाणी बर्फाचं, काठावर ट्रकांची रांग. पांगोंग तळ्याच्या वाटेवर तर एका नाल्याचं नावच पागल नाला आहे. अशा ठिकाणी संध्याकाळी ‘ओसरेल’ म्हणून थांबून उपयोग नसतो. तो ओसरतो पहाटे, रात्रीच्या थंडीनं वरचं वितळणं थांबल्यावर.

म्हणून तिकडचे ट्रकवाले भल्या पहाटे निघतात. त्यातही मेख आहे. फार लवकर गेलं तर रस्त्यावर सांडलेल्या पाण्याचा काचेसारखा थर गोठलेला असतो, आणि दुचाकीला त्याच्यासारखा वैरी नाही. ऊन रस्त्यावर टेकल्यापासून साधारण दुपारपर्यंत, एवढाच खरा वेळ. नाल्यात घालण्याआधी पुढची एखादी गाडी जाऊ द्यावी, तिची चाकं कुठून गेली ते बघावं, मग पहिल्या गिअरमध्ये एका लयीत पलीकडे जावं. मध्येच थांबलं की गाडी बंद पडू शकते, आणि मग बुटात पाणी घेऊन ढकलायची पाळी येते. तेवढ्या उंचीवर पाच मिनिटं गाडी ढकलली की तोरण्याचा अभिमान आपोआप उतरतो.

‘बुलेटशिवाय जमत नाही, आणि पेट्रोलचे चार कॅन हवेतच’

गाडीबद्दल थोडक्यात. त्या रस्त्यांवर शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्याही दिसतात, स्कूटरही. विरळ हवेत इंजिनाची ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी उतरते, आणि हा नियम सगळ्या साध्या इंजिनांना सारखा. खिंडीत पोचेपर्यंत ती निम्म्याच्या आसपास आलेली असते. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल ठरलेलंच येतं आणि हवा मात्र कमी, म्हणून ती गुदमरते, काळा धूर सोडते. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ दुचाक्यांत इंजेक्शन असल्यानं मिश्रण आपलं आपण सुधारतं. ताकद तरीही कमीच राहते. तेव्हा मोठ्या गाडीपेक्षा कमी सामान जास्त कामाचं. घाटात अर्ध्या क्लचवर गाडी खेचत राहिलं की क्लच प्लेटा जळतात, हे भोरच्या कुठल्याही मिस्त्रीला विचारा. जाताना क्लचची केबल, ट्यूब किंवा पंक्चरचं किट आणि हवा भरायचा पंप बरोबर असावा आणि, हे महत्त्वाचं, तो वापरायला घरी शिकलेलं असावं.

पेट्रोलची भीती मात्र निव्वळ फुगवलेली नाही. केलाँगच्या अलीकडे तांदीच्या पंपावर ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर’ असा फलक प्रसिद्धच आहे, त्याच्यासमोर फोटो काढल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. पण पंधरा लिटरची टाकी आणि तीसचं ॲव्हरेज असेल तर हिशेब साडेचारशेचा होतो. चढ, चिखल, पहिल्या गिअरची वाट हे सगळं धरूनही पाच लिटरचा एक कॅन पुरतो. वीस लिटर पाठीशी बांधून फिरणं म्हणजे वजनही वाढवणं आणि धोकाही. हवेचा दाब काय असतो ते बघायचं तर मनालीत घेतलेलं वेफर्सचं पाकीट सरचूला बॅगेतून काढून बघावं. ते टम्म फुगलेलं असतं, बोट लावलं तर फुटेल असं. काठोकाठ भरलेल्या पेट्रोलच्या कॅनची गतही तशीच. थोडी जागा रिकामी ठेवून भरावा आणि उघडताना झाकण सावकाश सैल करावं.

पाणीही तिथे लवकर उकळतं, लेहला साधारण ८८ अंशांवर. म्हणून वाटेतल्या ढाब्यात भात कच्चट लागला तर ढाबेवाल्याला बोल लावू नये, कुकर नसेल तर तो तरी काय करणार.

खारदुंगला, मॅग्नेटिक हिल आणि गाटा लूपचं भूत

‘जगातला सर्वांत उंच गाडीरस्ता’ म्हणून खारदुंगलाच्या फलकाशी उभं राहून काढलेला फोटो घराघरांत आहे. फलकावर वर्षानुवर्षं १८,३८० फूट होतं. उपग्रहाच्या मोजणीनं ती खिंड १७,५८२ फुटांची निघाली. सर्वांत उंचीचा मान २०२१ मध्ये उमलिंगलाच्या १९,०२४ फुटांवरच्या रस्त्याला गिनीजनं दिला, आणि २०२५ मध्ये सीमा रस्ते संघटनेनं त्याहूनही वर, मिगलाला १९,४०० फुटांवर, रस्ता नेला. खारदुंगला लहान झाली म्हणून तिचा दरारा कमी होत नाही. लेहपासून चाळीसेक किलोमीटरमध्ये ती माणसाला १,८०० मीटरहून अधिक वर उचलते. लेहला आल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिथे जाणारे खूप असतात, आणि वर पायऱ्यांवर डोकं धरून बसलेले तेच.

लेहपासून तीसेक किलोमीटरवर, निम्मूच्या बाजूला मॅग्नेटिक हिल आहे. गाडी न्यूट्रलला ठेवली की चढावर चढते म्हणे. डोंगरात चुंबक आहे, विमानंसुद्धा ओढली जातात, असल्या कथा त्याला चिकटल्या आहेत. खात्री करायची असेल तर रस्त्यावर बाटलीभर पाणी ओतावं. पाणीही तथाकथित चढाच्या दिशेनंच वाहतं, आणि पाण्याला चुंबक ओढत नाही. तिथे खरं क्षितिज डोंगरांआड लपलेलं असतं, आजूबाजूचे उतार डोळ्याला फसवतात आणि सौम्य उतार चढासारखा भासतो. गंमत म्हणून पाच मिनिटं थांबण्यासारखी जागा आहे.

सरचूच्या पुढे गाटा लूपची एकवीस वळणं लागतात. तिथे एक लहानसं स्थान आहे, आणि त्याच्याभोवती पाण्याच्या बाटल्यांचा ढीग. बंद पडलेल्या ट्रकजवळ एकटा राहून गेलेल्या क्लीनरची कथा त्यामागे सांगतात, तो तहानलेला आहे म्हणून पाणी ठेवायचं. नमस्कार करावा, त्याला ना नाही. प्लॅस्टिक मात्र तिथे सोडू नये. भूत पाणी पीत असेल नसेल, बाटली खात नाही एवढं नक्की.

‘तिकडे माणूसच नाही, कुठेही गाडी घाला’

या समजाचा मला सर्वांत जास्त राग येतो. ते मोकळं रान बघून आपल्या लोकांना वाटतं की हे कुणाचंच नाही. लेह जिल्ह्याची लोकसंख्या २०११ मध्ये १,३३,४८७ होती, एकट्या भोर तालुक्यात त्याहून जास्त माणसं राहतात. पण विरळ वस्ती म्हणजे रिकामी जागा नव्हे. मोरे मैदान, रुपशू, कोरझोक, हानले या पट्ट्यात चांगपा धनगर राहतात. पश्मिना ज्या शेळीपासून येते ती शेळी त्यांची. आपल्याला जे ओसाड माळ वाटतं ती त्यांची कुरणं आहेत, ऋतूप्रमाणे वाटून घेतलेली. दोन महिन्यांच्या उन्हाळ्यात वितीएवढं गवत उगवतं. त्याच्यावरून दहा गाड्या मजेत फिरवल्या की ती चाकोरी वर्षानुवर्षं बुजत नाही. आपल्या गायरानात परगावच्या चार जीप घुसल्या तर आपण काय करू, तो विचार तिथे करावा.

काळ्या मानेचा करकोचा त्याच भागातल्या पाणथळीत अंडी घालतो, तो लडाखचा राज्यपक्षी आहे. रानगाढव, म्हणजे कियांग, गाडीला समांतर पळतं आणि पोरं त्याच्याशी शर्यत लावतात. तेवढ्या उंचीवर त्याला उगाच पळवणं हा छळ आहे. रस्त्याकडेला बसलेल्या मार्मोटला बिस्किटं घालणं हाही तसलाच प्रकार.

रस्ता ज्यांनी बांधला ती माणसंही वाटेवर दिसतात. ‘रस्ते मिलिटरी बांधते’ हे अर्धंच खरं. ७ मे १९६० ला स्थापन झालेली सीमा रस्ते संघटना तो बांधते, आणि प्रत्यक्षात दगड फोडणारे, डांबर ओतणारे हात बहुतांशी झारखंडच्या दुमका भागातून आलेल्या मजुरांचे असतात. २०२० च्या जूनमध्ये, कोविडच्या टाळेबंदीनंतर, या कामासाठी दुमक्याहून खास रेल्वेगाडी सुटली होती. तोंडाला फडकं बांधून पाच हजार मीटरवर फावडं मारणाऱ्या त्या माणसाच्या अंगावर धूळ उडवत न जाणं, गाडी सावकाश काढणं, एवढं तर जमण्यासारखं आहे.

पांगोंगला आता मराठी गाड्या जास्त दिसतात. ‘थ्री इडियट्स’नं २००९ मध्ये तिथे शेवटचा प्रसंग घेतला आणि गर्दी सुरू झाली. २६ डिसेंबर २०२४ ला लष्कराच्या १४ व्या कोअरनं तळ्याकाठी १४,३०० फुटांवर शिवाजी महाराजांचा पुतळा उभारला, आणि आपल्याकडच्या पोरांसाठी ते वारीचं ठिकाण झालं. तिथे उभं राहिल्यावर ऊर भरून येतो, हे कुणाही मराठी माणसाला समजेल. मात्र चुशूलचे लोकप्रतिनिधी कोंचोक स्तांझिन यांनी, पुतळा उभारताना स्थानिकांना विचारलं गेलं नाही, अशी नाराजीही तेव्हा बोलून दाखवली होती. तेव्हा तिथे जाऊन घोषणा देताना आपण दुसऱ्याच्या दारात उभे आहोत एवढं भान ठेवावं, आणि पाण्यात गाडी घालू नये.

कागद, सिमकार्ड आणि रजा

‘परमिट लागतंच’ आणि ‘परमिट लागत नाही’ असे दोन्ही सल्ले मिळतात. भारतीयांसाठी इनर लाइन परमिटची अट २०२१ मध्ये सैल झाली, पण पर्यावरण शुल्क भरावं लागतं, सीमेलगतच्या नाक्यांवर ओळखपत्र दाखवावं लागतं. नियम बदलत राहतात, निघायच्या आठवड्यात लेह प्रशासनाच्या संकेतस्थळावर बघणं चांगलं. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. गटात एकाकडे तरी ते असावं. मनाली किंवा श्रीनगरहून भाड्यानं घेतलेली गाडी लेहपर्यंत चालते, पण नुब्रा खोऱ्याकडे आणि पांगोंगकडे स्थानिक संघटना ती सोडत नाहीत, तिथे लेहचीच गाडी भाड्यानं घ्यावी लागते. स्वतःच्या नावावरच्या गाडीला ही अडचण नाही. मित्राची गाडी नेत असाल तर मूळ कागद बरोबर ठेवा आणि प्रश्नांची तयारी ठेवा.

राहता राहिली दहा दिवसांची रजा. भोंगवलीहून मनालीला दुचाकीनं जायला तंगडतोड केली तरी चार दिवस, यायला चार. उरले दोन. म्हणून जाणारे खिंडीत घाई करतात, सरचूला झोपतात, दुसऱ्या दिवशी खारदुंगला गाठतात. रजा वाढत नसेल तर सपाटीवरचा रस्ता सोडावा, डोंगरातला नाही. पुण्याहून जम्मू तावीला झेलम एक्स्प्रेस जाते. इथल्या फौजी घरांना ती गाडी तोंडपाठ आहे. तिच्या पार्सलमध्ये दुचाकी टाकता येते. आदल्या दिवशी स्टेशनच्या पार्सल ऑफिसात आरसी आणि ओळखपत्राच्या प्रती घेऊन जायचं, टाकी पूर्ण रिकामी करायची, आरसे काढून ठेवायचे, हँडल आणि टाकीला गोणपाट गुंडाळून घ्यायचं. जम्मूला उतरल्यावर पहिलं काम पेट्रोलचं, तेव्हा जवळचा पंप कुठे आहे ते आधी विचारून ठेवावं. तिथून श्रीनगर, कारगिल करत गेलं तर लेहला पोचताना शरीर तयार असतं. लेहमध्ये दोन रात्री नुसत्या काढायच्या. मग आधी नुब्रा, कारण ते लेहपेक्षा खाली आहे, आणि पांगोंग त्याच्यानंतर.